मायक्रोफायनान्सचं कर्ज घेऊ का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या महिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटांच्या वह्या तपासायला गावोगाव जाणं हे माझं काम. वही मिटली, चहा आला की खरे प्रश्न सुरू होतात: फायनान्सवाल्यांचं कर्ज घ्यावं का, घेतलं तर फिटेल का, आणि फिटल्यावर आपल्या हाताला काय लागेल. करवीर, शिरोळ, इचलकरंजी, कागल, राधानगरी, कुठेही गेलं तरी प्रश्न साधारण हेच असतात. ते इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. जिथे ‘समजा’ म्हणून आकडे घेतलेत, तिथे आपल्या घरचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

मायक्रोफायनान्सचं कर्ज म्हणजे नेमकं कोणतं? बचत गटाचं कर्ज तेच का?

नाही, दोन्ही वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

बचत गटात आधी आपण बचत करतो, आपसांत कर्ज फिरवतो, वह्या नीट ठेवतो आणि मग बँक गटाला कर्ज देते. नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक, हिने १९९२ साली पाचशे गटांपासून ही जोडणी सुरू केली. आपल्याकडे ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट याच वाटेने चालतात. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेला तारण मागता येत नाही, आणि वेळेवर फेडणाऱ्या गटाला व्याजात सवलत मिळत असल्याने हे कर्ज बरंच स्वस्त पडतं.

फायनान्सवाल्यांच्या कर्जात बचतीची अट नसते. चार-पाच जणींना एकत्र बसवून प्रत्येकीला स्वतंत्र कर्ज दिलं जातं आणि एकमेकींची हमी घेतली जाते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. देणारी बँक असो, स्मॉल फायनान्स बँक असो की कंपनी, नियम सगळ्यांना तेच आहेत. बिनतारण असल्यामुळे सोनं, घराचा उतारा, वाहनाची कागदपत्रं यांतलं काहीही ठेवून घेता येत नाही.

हे कर्ज बायकांनाच का देतात?

बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावातून गरिबांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. बाईच्या हातात आलेला पैसा घरात, मुलांच्या ताटात जातो, हा त्यामागचा विचार होता. त्याआधीच, १९७४ मध्ये, अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने सेवा बँक निघाली होती. आपल्या शेजारच्या साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, तेव्हा त्या बायका आधी लिहाय-वाचायला शिकल्या आणि मग परवाना आणला.

हा एक भाग झाला. दुसरा भाग साधा आहे: बायका हप्ता बुडवत नाहीत. बाई गाव सोडून जात नाही, घरीच सापडते, चारचौघींत नाव जाईल या भीतीने उपाशी राहून भरते. कंपनीच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. म्हणून वसुली नव्व्याण्णव टक्के झाली एवढ्यावरून बायकांचं बरं चाललंय असं मी तरी मानत नाही.

मग खरंच बाईची परिस्थिती सुधारते का? खरं काय ते सांगा.

थोडी सुधारते, सगळ्यांची नाही, आणि जाहिरातीत दाखवतात तेवढी तर नाहीच.

याचा सगळ्यात काटेकोर तपास हैदराबादच्या झोपडपट्ट्यांमध्ये झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या घेतल्या. त्यांतल्या ५२ वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे कर्ज आधी सुरू केलं आणि मग दोन्हीकडची घरं ताडून पाहिली. कर्ज मिळालेल्या वस्त्यांत नवे धंदे थोडे जास्त निघाले. आधीच धंदा असलेल्यांनी त्यात जास्त पैसा घातला. टिकाऊ वस्तू आल्या आणि चहा-पान-तंबाखूवरचा खर्च घटला. पण घरचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरातल्या निर्णयात बाईचा शब्द, यांत ठळक फरक दिसला नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथल्या अशाच अभ्यासांतूनही साधारण तेच निघालं. हैदराबादसह हे सहाही अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले.

सरासरीत फरक कमी दिसतो, कारण काही जणींचं चांगलं होतं आणि काहींचं जागच्या जागी राहतं. जिचा धंदा आधीपासून चालू आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे आणि फक्त भांडवल कमी पडतंय, तिला कर्जाचा उपयोग होतो. शिलाईच्या एका मशीनवर ऑर्डरी परत पाठवणारी बाई दुसरं मशीन घेते, तेव्हा पहिल्या महिन्यापासून मिळकत वाढते. याउलट ‘कर्ज मिळतंय तर काहीतरी करू’ म्हणून सुरू केलेला धंदा बहुतेक वेळा हप्त्यापुरताही चालत नाही. गल्लीत तिसरं झेरॉक्सचं दुकान आणि चौथी शेवयाची मशीन कोणाला चालणार?

कर्ज आटलं की काय होतं, तेही पाहायला हवं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचावरून वटहुकूम निघाला, कंपन्यांची वसुली ठप्प झाली आणि त्यांनी इतर राज्यांतही हात आखडता घेतला. जिथे कर्ज आटलं, तिथे रोजंदारीची मजुरी आणि घरखर्च दोन्ही घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून ‘फायनान्सवाल्यांना हाकला’ एवढं म्हणून माझ्या मते भागत नाही.

कर्ज माझ्या नावावर, पैसा मालकांच्या हातात. हप्ता मात्र मीच भरते. असं सगळ्यांचंच असतं का?

खूप जणींचं असतं. बांगलादेशात १९९६ सालीच अभ्यासकांनी दाखवलं होतं की बायकांच्या नावावरच्या बऱ्याच कर्जांचा ताबा घरच्या पुरुषांकडे असतो. आपल्याकडे सेंटर मीटिंगला, म्हणजे हप्ता गोळा करायच्या बैठकीला, बसलेल्या बायकांना हे कागदावर वाचायची गरज नाही.

नवऱ्याच्या धंद्यात पैसा घालणं चुकीचं नाही. त्याची रिक्षा चालली तर घरच चालणार आहे. प्रश्न त्या पैशातून आलेली मिळकत कोणाच्या हातात पडते, हा आहे. भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासल्यावर एक गोष्ट पुढे आली. आधी असं वाटत होतं की बायकांच्या धंद्यात भांडवल घातलं तर नफा वाढत नाही, पुरुषांच्या धंद्यात वाढतो. पण ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा आहे, तिथे तिचा नफा पुरुषाइतकाच वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा आहे, तिथे तिचं भांडवल तिकडे वळत होतं. म्हणजे बाईला धंदा जमत नाही, ही समजूत खोटी.

युगांडात कर्जाची रक्कम रोख हातात देण्याऐवजी बाईच्या स्वतःच्या मोबाइल खात्यात टाकली, तर तिच्या धंद्याचा नफा वाढला. पैसा तिच्या एकटीच्या खात्यात राहिल्याने मागणाऱ्यांना लगेच दिसला नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून आपल्याकडेही पहिली गोष्ट ही करावी: कर्ज जमा होणारं खातं एकटीचं असावं, जोड खातं नको. त्याला आपलाच मोबाइल नंबर जोडलेला असावा, आणि एटीएमचा पिन मुलाला किंवा दिराला ठाऊक नसावा. कागलकडच्या एका वहिनींनी कर्जाच्या पैशातून नवऱ्याला वेल्डिंगचं मशीन घेऊन दिलं. पण बिल स्वतःच्या नावावर केलं, आणि दर शनिवारी मशीनचं भाडं म्हणून ठरलेली रक्कम त्याच्याकडून घेतात. घरात सुरुवातीला हसले. आता त्या भाड्यातूनच हप्ता जातो आणि त्यांच्या खात्यात शिल्लकही राहते.

म्हैस घ्यायला पन्नास हजारांचं कर्ज काढू का?

हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर बोलू.

समजा म्हैस नव्वद हजारांची. चाळीस हजार घरचे, पन्नास हजार कर्ज, २४ टक्के व्याज, दोन वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे २,६४४ रुपये. समजा दुभत्या काळात दिवसाला सरासरी सहा लिटर दूध डेअरीला जातं आणि लिटरला ५५ रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला ९,९०० रुपये. ओली वैरण बांधावरची आहे असं धरलं तरी पेंड, भुसा, सुकी वैरण, औषधपाणी याला दिवसाला १८० रुपये गेले, तर महिन्याला ५,४०० रुपये. उरले ४,५००. हप्ता वजा जाता १,८५६.

इथपर्यंतचा हिशेब फायनान्सचा साहेबही सांगतो. पुढचा तो सांगत नाही. म्हैस आटते. गाभण असताना चार महिने भाकड गेली, तर दुधाचं बिल शून्य, खाणं कमी केलं तरी दिवसाला शंभर रुपये लागतात, आणि हप्ता तोच. महिन्याला ५,६४४ रुपये खिशातून. चार महिन्यांचे झाले २२,५७६. नऊ महिने दूध देऊन शिल्लक पडले होते १६,७०४. म्हणजे हप्ते चालू असेपर्यंत एकटी म्हैस स्वतःचं कर्ज स्वतः फेडत नाही. साडेपाच-सहा हजार दुसरीकडून घालावे लागतात, आणि पहाटे पाचपासूनची तुमची धार, शेण, वैरण यांची मजुरी यात धरलेलीच नाही.

मग घेऊ नये का? घरात दुसरी नियमित मिळकत असेल तर जरूर घ्यावी. दोन वर्षांनी म्हैस आपली, रेडकू आपलं, आणि त्यानंतरचं दूध हप्त्याविना. आधीच एक दुभतं जनावर असेल तर दोघींची वेतं पुढे-मागे पडतील असं बघावं, म्हणजे एक आटली तरी दुसरी चालू राहते. जनावराचा विमा उतरवावा. पण रोजंदारीच्या मजुरीशिवाय दुसरा आधार नसलेल्या घरात पहिलीच म्हैस पूर्ण कर्जावर घेणं मला पटत नाही. तिथे शेळी बरी. कमी पैशात येते, लवकर वाढते आणि अडचणीला एखादी विकता येते.

आणि एक गोष्ट. गावच्या दूध संस्थेत सभासद कोण आहे? दर दहा दिवसांचं बिल कोणाच्या खात्यात जमा होतं? दिवाळीला दूध फरक कोणाच्या नावावर निघतो? कष्ट बाईचे, कर्ज बाईचं, आणि बिल सासऱ्यांच्या नावावर, असं गोकुळच्या या जिल्ह्यात घरोघरी दिसतं. म्हैस आणण्याआधी संस्थेच्या सचिवांकडून आपल्या नावाचं सभासदत्व करून घ्या. बाजारात दावं हातात घेण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

व्याज किती लावतात? एक जण चौदा टक्के म्हणतो, दुसरा चोवीस.

दोघं एकच सांगत असण्याची शक्यता आहे. चाळीस हजार रुपये, दोन वर्षं, उरलेल्या मुद्दलावर २४ टक्के व्याज. हप्ता सुमारे २,११५ रुपये आणि दोन वर्षांत एकूण व्याज १०,७५६ रुपये. हेच व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर मोजलं, म्हणजे ज्याला फ्लॅट म्हणतात तसं, तर ते वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आत-बाहेर दिसतं. त्यामुळे दर ऐकायचा तो घटत्या शिल्लकेवरचा. खरंच २४ टक्के फ्लॅट असेल तर व्याज १९,२०० होईल, जवळपास पावणेदोनपट.

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्याजावर ठरावीक कमाल मर्यादा ठेवलेली नाही, पण अवाजवी दर लावू नये असं बजावलं आहे. प्रत्येक कर्जाबरोबर व्याज, फी, विमा सगळं धरून एकूण खर्च किती, याचा साध्या भाषेतला एक तक्ता देणं बंधनकारक केलं आहे. तो मागा. प्रोसेसिंग फी एक टक्का असेल तर चाळीस हजारांवर चारशे रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये. विम्याचा हप्ता वेगळा कापतात. हातात चाळीस येणार नाहीत, पण व्याज चाळीसवर चालू होतं. लोन कार्ड आपल्याला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, मिळालं पाहिजे. भांडी, मोबाइल, सोलर दिवा अशी वस्तू घेतली तरच कर्ज, अशी सक्ती करता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही.

आठवड्याचा हप्ता बरा की महिन्याचा?

पैसा जसा येतो तसा हप्ता असावा. इचलकरंजीत मागावरचा पगार आठवड्याला होतो, कांडी भरणारीलाही पैसे आठवड्याला मिळतात, तिथे आठवड्याचा हप्ता निघून जातो. दूध घालणारीला दहा दिवसांच्या बिलानंतरचा दिवस सोयीचा. हुपरीला घरी बसून चांदीचं काम करणाऱ्या बाईची मजुरी काम आलं तर असते, नाहीतर नसते. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्या घरात पावसाळ्यात चामडं वाळत नाही आणि गिऱ्हाईकही कमी असतं. ऊस असलेल्या घरात पैसा कारखान्याच्या बिलाबरोबर एकदम येतो. या सगळ्यांना एकच आठवडी हप्ता लावला की मधल्या दिवसांत उसनवारी ठरलेली.

नियम असा आहे की हप्ता किती दिवसांचा हवा, हे कर्जदाराच्या गरजेनुसार ठरवण्याची सोय द्यावी. विचारलं नाही तर कोणी देत नाही, म्हणून फॉर्म भरतानाच विचारा. कोलकात्यात काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करून पाहिला. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त होता. मात्र कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं होतं. कंपन्या ही सवलत द्यायला का कचरतात, ते यातून कळतं.

एका वेळी किती कर्जं घ्यावीत? आमच्या गल्लीत एकीची पाच चालू आहेत.

पाच कर्जं म्हणजे एकाचा हप्ता दुसऱ्यातून चालला आहे. असं चक्र सुरू झालं की मिळकत वाढण्याचा प्रश्नच उरत नाही, दिवस फक्त हप्ते जुळवण्यात जातो.

नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. यात गाडीचं, सोन्यावरचं, नवऱ्याचं, सगळं आलं. २०२४ मध्ये ‘एमफिन’ या कंपन्यांच्या संघटनेने एका कर्जदाराला जास्तीत जास्त चार सभासद कंपन्यांचं कर्ज अशी मर्यादा घातली आणि पुढे ती तीनवर आणली. मला विचाराल तर निम्मं उत्पन्न हेही फार झालं. महिन्याला पंधरा हजार येणाऱ्या घरातून साडेसात हजार हप्त्याला गेले, तर उरलेल्यात किराणा, गॅस, लाईट बिल, शाळा आणि दवाखाना बसवून दाखवा. पंधरात तीन हजारांपर्यंतचा हप्ता झेपतो, चार हजारांवर ओढाताण सुरू होते, असा माझा इतक्या वह्या बघून झालेला अंदाज आहे.

फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिणारा कर्मचारी तुमच्यावर उपकार करत नसतो. त्याचं कर्जवाटपाचं टार्गेट पूर्ण होतं, ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

मैत्रिणीला कर्ज मिळत नव्हतं म्हणून माझ्या नावावर उचलून दिलं. आता ती भरत नाही.

हे कर्ज कायद्याने तुमचंच आहे. कंपनी तुमच्याकडेच मागणार आणि थकल्याची नोंद तुमच्याच नावावर पडणार. मैत्रिणीकडून रक्कम, तारीख आणि फेडीची कबुली लेखी घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. तिने फोन पे किंवा बँकेतून तुमच्या खात्यात पाठवलेल्या जुन्या हप्त्यांच्या नोंदी जपून ठेवा, कारण व्यवहार झाल्याचा पुरावा तोच असतो. बहीण असो, जाऊ असो, सेंटर प्रमुख असो, आपल्या नावावर दुसरीसाठी कर्ज उचलू नये. नाही म्हणताना जड जातं हे खरं आहे. ‘मालक नको म्हणतात’ म्हणून सांगा हवं तर.

गटातल्या एकीने हप्ता बुडवला. बाकीच्यांना मीटिंगमधून उठू देत नाहीत. हे बरोबर आहे का?

नाही. हमी दिली असेल तर कंपनी गटाला विचारू शकते, समजावू शकते. कोंडून ठेवणं, रात्रीपर्यंत बसवणं, शिव्या देणं, नावं फळ्यावर लिहिणं, हे सगळं नियमाविरुद्ध आहे. एखादीला एका वेळेला सांभाळून घेणं हा गटाचा जीव आहे आणि ते करावंही. पण दर आठवड्याला तिचा हप्ता चौघींनी भरायचा आणि तिच्याशी बोलणं तोडायचं, यात शेजारपण संपतं. त्यापेक्षा तिला घेऊन शाखेत जावं आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून मागावी.

वसुलीवाले घरी येऊन बसतात, पोलिसात देतो म्हणतात.

हप्ता ठरलेल्या ठिकाणी, दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी घ्यायचा असतो. तिथे तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच त्यांना घरी किंवा कामावर येता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायला बंदी आहे. नातेवाईक, शेजारी, नवऱ्याचा मालक यांना त्रास देणं, कर्ज न फेडल्याच्या परिणामांबद्दल खोटं सांगणं, हेही चालत नाही.

परिस्थितीमुळे हप्ता थकणं हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. तो दिवाणी मामला आहे. मात्र खोटी कागदपत्रं दिली असतील किंवा दिलेला चेक परत गेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कोरा चेक देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका.

तक्रार आधी त्याच शाखेत किंवा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. लोन कार्डवर तो नंबर छापलेला असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे. अंगावर कोणी आलं, धमकी दिली तर मात्र तीस दिवस थांबायचं नाही, सरळ पोलीस ठाणं गाठायचं.

पुरात सगळं गेलं तर हप्ता माफ होतो का?

आपोआप होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या गावांत घर, जनावरं, शिलाई मशीन पाण्यात गेलं आणि हप्ता मात्र उभा राहिला. सवलत मिळते ती बहुतेक वेळा हप्ते पुढे ढकलण्याची. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवण्याची मुभा होती, पण त्या महिन्यांचं व्याज चढत राहिलं. खूप जणींना हे नंतर कळलं आणि धक्का बसला.

म्हणून पाणी ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात शाखेला लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत जोडा, हप्ते किती पुढे जातील आणि व्याज किती वाढेल हे लिहून घ्या. पूररेषेच्या आत राहणाऱ्या घराने कर्जाचा मोठा हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये येणार नाही, असं आधीच बघावं.

एक संघटना म्हणते, आधार कार्ड आणि हजार रुपये द्या, कर्ज माफ करून देतो.

देऊ नका. मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ करण्याचा अधिकार अशा कोणालाही नाही. अशा जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. हप्ते थांबवायला सांगणारा माणूस नंतर दिसत नाही, थकबाकीची नोंद मात्र तुमच्या नावावर राहते. वसुलीच्या जाचाविरुद्ध एकत्र येऊन मोर्चा काढणं हा वेगळा भाग आहे, तो तुमचा हक्क आहे.

दवाखाना, मुलीचं लग्न, कॉलेजची फी यासाठी घेतलं तर?

घेतात, सर्रास घेतात, आणि त्यात बाईचा दोष नाही. पण हे कर्ज मिळकत आणत नाही, म्हणून आधी स्वस्त दारं ठोठवावीत. गटातलं अंतर्गत कर्ज घ्यावं, त्याचं व्याज गटातच राहतं. सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण व्याजाला मायक्रोफायनान्सच्या निम्म्याच्या आसपास पडतं. ऑपरेशन असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं. भिशी चांगली, पण ओळखीच्यांची आणि वही असलेली.

सावकाराकडे मात्र जाऊ नये. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने सावकारीला परवाना लागतो. विनापरवाना सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

लाडक्या बहिणीचे दीड हजार हप्त्याला लावू का?

एक हप्ता अडला तर लावा. पण ते धरून नवीन कर्ज काढू नका. सरकारी योजनेचे पैसे कधी उशिरा येतात, कधी तपासणीत नाव वगळलं जातं, हप्त्याची तारीख मात्र हलत नाही.

कर्जाने माझं भलं झालं की नाही, हे मी कसं ओळखू?

घरात टीव्ही, फ्रिज आला यावरून नाही. कर्ज घेण्याआधी वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: माझ्या खात्यात किती शिल्लक आहे, माझ्या नावावर काय आहे, मी कोणाला विचारल्याशिवाय किती रुपये खर्च करू शकते, आणि किती जणांचं देणं आहे. वर्षाने त्याच पानावर शेजारी पुन्हा लिहा. त्याबरोबर आपले कामाचे तासही लिहा. मिळकत हजाराने वाढली आणि रोजचं काम चार तासांनी वाढलं, तर ती वाढ कसली म्हणायची?

गडहिंग्लजकडच्या एका मावशींची वही मला दाखवावीशी वाटते. तीस हजारांच्या कर्जातून त्यांनी हंगामात मिरची भरून ठेवली आणि वर्षभर कांदा-लसूण चटणी करून विकली. वर्षअखेरीला नफा फार मोठा नव्हता. पण पहिल्या पानावर ‘न विचारता खर्च’ या पुढे शून्य होतं, तिथे सातशे लिहिलं होतं, आणि ‘माझ्या नावावर’ या पुढे डंखाचं, म्हणजे मिरची कुटायचं, छोटं मशीन. सातशे कशाला लागले म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “चष्मा केला की. दोन वर्षं करतो करतो म्हणत होते घरातले.”

कर्ज फिटलं. आता लगेच मोठं देतो म्हणतात. घेऊ का?

पहिलं फिटलं म्हणजे दुसरं घेतलंच पाहिजे असं नाही. एखादा हंगाम मोकळा जाऊ द्या आणि हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला स्वतःच्या खात्यात टाकून बघा. दोन हजार जमत असतील, तर पुढच्या वेळी कर्ज लहान लागेल. धंद्यात खरंच भांडवल कमी पडत असेल तर गटामार्फत बँकेचं कर्ज आधी विचारा, गावातल्या गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंकडे त्याची माहिती असते.

फिटलेल्या कर्जाचा ‘नो ड्यूज’ दाखला शाखेतून मागून घ्या आणि लोन कार्ड फेकू नका. दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांच्या नोंदींचा कागद, काढून कर्ज बंद दिसतंय का ते बघा. या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा. त्यात आपण न घेतलेलं एखादं कर्ज दिसलं, तर त्याच दिवशी त्या कंपनीला आणि क्रेडिट कंपनीला लेखी कळवा.